पिवळ्या पट्ट्यांच्या आत

आमच्या शेजाऱ्याने आजवर तीन गाड्या घेतल्या, तिन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या. मला गाड्यांची आवड नाही, तरी त्या तिन्ही माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. सीवूड्सच्या आमच्या इमारतीत लिफ्टपासून गेटकडे जाणारी वाट त्याच्या पार्किंगला लागून आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला त्याची गाडी. मधून माझ्या सासूबाईंची व्हीलचेअर गेली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

पहिली गाडी आली तेव्हा सासूबाई जिने धडाधड उतरायच्या. बाकी सगळ्यांच्या स्कूटरी होत्या आणि हा सोसायटीचा सेक्रेटरी. पेढे वाटताना त्याने दारोदारी कंपनीचा इतिहास ऐकवला. किती जुनी, सुरुवातीच्या गाड्या हँडल मारून कशा चालू व्हायच्या, आता किल्ली फिरवली की काम. गाडी छोटीशीच होती. तिच्यात वळायचा दिवा लावायची दांडी डावीकडे होती, इथल्या गाड्यांत असते तशी उजवीकडे नव्हती; उजवीकडे वायपरची होती. त्यामुळे गेटबाहेर वळताना हा कडक उन्हात वायपर फिरवायचा. ते त्याने पेढ्यांबरोबर सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास पार्किंगला पट्टे मारायचे ठरले. याने आपली गाडी मधोमध उभी केली आणि रंगाऱ्याला म्हणाला, "हिच्याभोवती थोडी जागा सोड आणि मार. माझी बसली म्हणजे सगळ्यांची बसेल." तेच सोसायटीचं माप झालं. पुढे कुणाची गाडी पट्ट्यावर आली की हा खाली उतरून बोट दाखवायचा.

दुसरी गाडी लांब, मागे मोठी डिकी. पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, बटणावर काचा. डिकी पट्ट्याबाहेर यायची. मी बोलले तर म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. एवढंसं तर आहे." वाट मोकळी होती, म्हणून मी सोडून दिलं.

तिसरी घेतली तेव्हा कंपनीने इथे गाड्या विकणं बंदच केलं होतं. याने पुण्यातल्या कुणाची तरी वापरलेली उचलली. उंच आणि रुंद, आत चढायला पायरी. आतल्या पडद्यावर चारही बाजूंचं चित्र दिसतं, जवळ काही आलं की गाडी पीं पीं करते. हे सगळं त्याने मला वाटेत उभं करून समजावलं. मी व्हीलचेअर धरून उभी, कारण तोवर सासूबाईंचा खुबा मोडून ऑपरेशन झालेलं. गाडी दोन्ही पट्टे ओलांडून वाटेवर आली होती.

"चारही बाजू दिसतात ना?" मी म्हटलं. "मग ही बाजू बघा."

"वहिनी, आजींना चार पावलं धरून न्या की. व्यायाम होईल."

सासूबाई मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांनी खुर्चीतूनच तोंड उघडलं. "कोन रे तू मला चालायला शिकवनारा? तुझ्या गाडीला सांग व्यायाम करायला. पोट बघ तिचं."

त्यांना रोज संध्याकाळी गेटजवळ बसायचं असतं. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, भाजीवाल्याशी भांडायचं. तेवढं झालं की रात्री नीट जेवतात. नाही झालं की माझ्याशी भांडतात. त्यामुळे त्यांना खाली नेणं मी बंद करणार नव्हते.

कमिटीकडे तोंडी सांगून पाहिलं. "आपसात बघा ना," असं उत्तर आलं. मग मी रोज व्हीलचेअर तिथूनच काढायला लागले. चाकाची कडा गाडीला लागायची. मी मुद्दाम लावत नव्हते. लागू नये म्हणून जपतही नव्हते. त्याने वैतागून वाशीहून अलार्म बसवून आणला. जरा धक्का लागला की गाडी बोंब मारायची, शिवाय याच्या मोबाइलवर घंटी.

आता रोज संध्याकाळी, जाताना एकदा आणि येताना एकदा, सगळी इमारत दणाणायची. गॅलऱ्यांतून लोक ओरडायचे, "अरे बंद कर ती!" हा बनियनवर किल्ली घेऊन धावत यायचा.

"मुद्दाम करता तुम्ही!"

"वाट आहे ही. मी वाटेनेच जाते."

"आजी, तुम्ही तरी..."

"मी बसलेली हाय. ढकलते ती," सासूबाई म्हणाल्या.

ज्यांनी कधी माझी बाजू घेतली नव्हती, ते कानठळ्या बसल्यावर त्याच्यावर तुटून पडले. अलार्म काढला तर ओरखडे पडणार, ठेवला तर शिव्या. मीटिंगमध्ये त्याने पट्टे नव्याने, जरा रुंद मारावेत असं सुचवलं. मी विचारलं, "माप कुणाच्या गाडीचं घ्यायचं?" लोक हसले. तो हसला नाही. त्याच आठवड्यात गाडी बाहेर रस्त्यावर गेली. तिथे झाडावरचे कावळे तिची काळजी घेतात.

समोरासमोर आलो की तो दुसरीकडे बघतो. मीही बघते. मोठ्या पार्किंगचा फ्लॅट शोधतोय म्हणे. शोधू दे.

पाऊस असला की सासूबाई गेटजवळ न बसता त्याच्या रिकाम्या जागेतच बसतात, वर छत आहे म्हणून. परवा तो छत्री मिटत आत आला, तेव्हा त्यांनी मोठ्याने मला विचारलं, "बघ गं, पट्ट्यात बसलीय ना मी?"

मी वाकून चाकं बघितली आणि ब्रेक लावला.