चोचीचा डबा

जे सांगायला बसले आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलांना नाही, आणि जिच्या बाबतीत हे घडलं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही — एवढंच कारण असेल. ही गोष्ट काढायची म्हटली की मी नेहमी भलतीकडूनच सुरुवात करते. आत्ताही तेच करणार आहे. डब्यापासून सुरू करते.

नव्वदच्या नंतरच्या वर्षांत शहागडला हमरस्त्याच्या कडेला माझी खानावळ होती. शेत नवरा बघायचा, खानावळ मी. वर पत्रे, आत चार बाकडी, मागे दोन चुली. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक ट्रकवाले — आज इथं जेवले, उद्या कुठं असतील कुणास ठाऊक. दुसरे महिन्याचे मेंबर, त्यात शाळेतले दोन मास्तर. भाकरी, एखादं कालवण, वरण, आणि ताटात कोरडी चटणी. चटणीवर कच्चं तेल पडल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही.

हे तेल वाढणं म्हणजे माझी रोजची डोकेदुखी होती. तेल यायचं मोठ्या पत्र्याच्या डब्यात. कोपऱ्याला भोक पाडायचं, डबा कलता करून तांब्यात ओतायचं, तांब्यातून ताटात. यायचं ते भसकन. तांब्याच्या बुडाला ओघळ, बाकड्याला ओघळ, माझ्या पदराला ओघळ. शेजारी गॅरेज होतं. तिथला मिस्तरी इंजिनात ऑइल घालायला एक डबा वापरायचा — बारीक, लांब, पुढं वाकलेली चोच आणि मागे मूठ. कितीही अडचणीची जागा असो, चोच आत घालायचा आणि एक थेंब बाहेर नाही. तसा डबा मला पाहिजेच झाला.

हसू येतं का? मलाही येतं कधी कधी. एका डब्यासाठी मी किती हिंडले! गेवराईला भांड्याच्या दुकानात स्टीलची चोचीची बरणी होती. भाव ऐकला आणि जपून परत फळीवर ठेवली. माहेरी गेले तेव्हा मंठ्याच्या बाजारातून पत्र्याचा डबा करून आणला. त्याच्या चोचीतून तेल पुढं कमी यायचं आणि डब्याच्या अंगावरून मागं जास्त. रॉकेल काढायचा प्लास्टिकचा पंप लावून पाहिला, तो आठवडाभरात चिकटून बसला. शेवटी मिस्तरीच म्हणाला, जालन्याला भंगारवाल्यांकडे बघा, तिथं मिळून जाईल.

मिळाला. हुबेहूब तसाच. चोच शाबूत, झाकण घट्ट, आणि भाव असा की घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटावी. मी झाकण काढून नाक लावलं. वर गाडीच्या ऑइलचा वास होता. आणि त्याच्या खाली — मी कपाशीवाल्याची लेक आहे. फवारणी चालू असताना बांधावरून गेलं की घशात जाऊन बसतो तो वास मला दुसऱ्या कुणी ओळखून द्यायला नको.

“यात काय होतं?” मी विचारलं.

“ऑइल था बाई. बिलकुल साफ है. धो के लेना.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं सांगू का तुम्हाला? नाही ठेवला. मला डबा पाहिजे होता, आणि तो म्हणाला ते मला सोयीचं होतं.

घरी आणून मागच्या अंगणात एकटीनं धुतला. राख, सोडा, उकळतं पाणी, मग उन्हात. पुन्हा सोडा. वास गेला. म्हणजे — गेल्यासारखा झाला. चोच जिथं डब्याला जोडलेली असते तिथं बोट पोचत नव्हतं.

आता गयाबद्दल सांगायला हवं. टाळत होते.

गया माझ्याकडे स्वयंपाकाला होती. बौद्ध वस्तीतली, दोन लेकरांची आई. नवरा पुण्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिच्या भाकरीसारखी भाकरी मी कुठं खाल्ली नाही. तिला ठेवली तेव्हा लोक कुजबुजले होते. मी ऐकून घेतलं नाही. “हात स्वच्छ असले म्हणजे झालं,” असं चारचौघांत म्हणाले होते, आणि स्वतःवर खूश होते. ट्रकवाल्यांना कुणी रांधलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. मेंबर आधी बिचकले, मग भाकरीनं त्यांना गप्प केलं. मोठे मास्तर तर ताटावर बसल्या बसल्या विचारायचे, “गयाबाईच्याच हातची ना?”

डबा आल्यावर काही आठवडे छान गेले. तेल वाढायला मी स्वतः हौसेनं फिरायची. मग ऊन तापलं तशी चोच अडायला लागली, धार बारीक झाली. एका शनिवारी सकाळी, गया यायच्या आधी, मी सायकलची तार चोचीत घालून खालवर केली. आतून काळपट, चिकट असं काहीतरी निघालं, डिंकासारखं. फडक्यानं पुसलं. वास? हो, आला. तोच. मी डबा एकदा पाण्यानं खळखळला आणि तेलानं भरला.

त्या दिवशी माझा शनिवारचा उपास होता. गया दुपारी तिच्या लेकरांबरोबर घरी जेवायची. म्हणजे खानावळीतलं आम्ही दोघींनीच खाल्लं नाही.

पहिल्यांदा एक ड्रायव्हर त्याच्या ट्रकच्या चाकाला टेकून ओकायला लागला. मग क्लीनर. मग दोन्ही मास्तर. घामानं भिजलेले, तोंडातून लाळ, डोळे कसनुसे. आणखी दोघंतिघं. धावपळ झाली, कुणीतरी जीप आणली.

मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच — नंतर नाही. आणि मी सगळ्यांत आधी काय केलं असेल? पाणी आणलं? मास्तरांना धरलं? मी डबा उचलला, मागे गेले, तेल नालीत ओतलं आणि डबा कडब्याच्या गंजीत खोल खुपसला. मग पदर खोचून पुढं आले आणि धावपळीत सामील झाले.

अंबडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाल्लं? मी सांगितलं — भाकरी, वांग्याचं कालवण, वरण, चटणी. तेल म्हणाले नाही. फवारणीच्या औषधाचं नाव काढलं असतं तर त्यांनी त्या दिशेनं उपाय केला असता, हे मला कळत नव्हतं का? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळतं. बाकीचे दुसऱ्या दिवशी उठून बसले. मोठे मास्तर खूप दिवस पडून होते. वाचले. पण खानावळीत पुन्हा आले नाहीत.

मी परतले तेव्हा दारात माणसं जमली होती. गया चुलीपाशी उभी होती, हात ओले, पीठ तसंच परातीत. पंक्चरवाला म्हणाला, “वैनी, मी पहिल्यापासून सांगून राह्यलो होतो. माणूस बघून ठेवावं.” दुसरा कुणी म्हणाला, “तिला बरं काही झालं न्हाई!” जात कुणी तोंडातून काढली नाही. गरज नव्हती.

गया माझ्याकडे बघून म्हणाली, “वैनी, मी तर रोजच्यावाणीच केल्तं. तुम्ही समोरच व्हत्या. सांगा न ह्यायला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. गंजीकडे नुसता हात केला असता तरी पुरलं असतं. पण मग खानावळ? मग पोलीस? मग नवरा, भावकी, माहेर? हे सगळं मी तेव्हा मनात बोलले की नंतर बसून रचलं — आता सांगता येत नाही. तोंडातून जे निघालं ते एवढंच:

“गया, तू थोडे दिवस घरीच बस.”

तिनं हात पुसले. परात झाकली. गेली.

इथं थांबले असते तर भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. मी थांबले नाही. महिनाभर खानावळ ओस होती. मग एकेक ट्रक थांबायला लागला, ड्रायव्हर आधी दारातून विचारायचे, “अब खाना ठीक है ना?” आणि मी म्हणायची, “बाई बदलली.” दोन शब्द. सगळ्यांना पटायचे. कितीदा म्हणाले असेन? पुढं पुढं तर कुणी न विचारताच सांगायला लागले. खानावळ पुन्हा चालली, आधीपेक्षा बरी चालली. तेलासाठी मी गेवराईची स्टीलची बरणी आणली.

काही वर्षांनी शाळेत पोरांना खिचडी शिजवून द्यायचं सुरू झालं. गयानं त्या कामासाठी विचारलं होतं. गावातले दोघं माझ्याकडे आले. वाईट माणसं नव्हती ती. नीट विचारलं त्यांनी — “ती तुमच्याकडे होती. पोरांचा मामला आहे. तुमचं काय मत?”

मी चहाचे कप पुढं सरकवले आणि म्हणाले, “मी काय सांगणार? ज्याचं त्यानं बघावं.”

ते समजले. मला हवं होतं तसंच समजले. त्याच वर्षी गया लेकरं घेऊन शहागडातून गेली. कुठं गेली ते मी कुणाला विचारलं नाही.

ती मला परत भेटली जालन्याच्या बसस्टँडवर. मी लेकीकडे निघाले होते. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं, आणि तोंड फिरवणार तोच तिनं हाक मारली. “वैनी!” जवळ आली, हात धरला, नवऱ्याची चौकशी केली, खानावळीची केली. जालन्यातच असते म्हणाली. एका मंगल कार्यालयात भांडी घासते.

“स्वयंपाक नाही करत?” मी विचारलं. का विचारलं मी?

“न्हाई वैनी. सैपाकाला हात लावत न्हाई आता. घरी बी सूनच करती.”

मग तिनं मला जरा बाजूला घेतलं. आणि मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “मी लई इचार केला. त्या दिशी वरण उतरवून ठेवलं अन् झाकण घालायचं राह्यलं, जरा येळ. त्यातच काही पडलं असंल. पाल-बिल. तसंच झालं असंल न वो? मास्तरायचं लई वाईट वाटतं मला.”

इतकी वर्षं ती त्या झाकणापाशी उभी होती. आजूबाजूला कुणी आमच्या ओळखीचं नव्हतं. खानावळ मी केव्हाच दुसऱ्याला चालवायला दिली होती. मोठे मास्तर म्हातारपणानं वारले होते. घाबरावं असं काहीसुद्धा शिल्लक नव्हतं.

मी म्हणाले, “असेल.”

तिनं मान हलवली, जसं काही एकदाचं उत्तर मिळालं. माझी गाडी लागली. गर्दी होती, तर माझी पिशवी तिनंच उचलून खिडकीतून आत दिली.