पाठमोरी आजी

मोक्याचा गाळा भावाने बळकावला, तेव्हापासून मोखाड्याच्या बाजारात मी कोपऱ्यातल्या टपरीवर मोबाइल दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांवर खेकसतो. एकदा टपरीवर आलेल्या एका आजीवरही खेकसलो होतो. भिवंडीला कामाला गेलेल्या तिच्या लेकीने फोनवर स्वतःसारखी दिसणारी कार्टून बाहुली बनवून पाठवली होती आणि आईचीही मागितली होती. लेक बघताक्षणी ओळखेल, अशीच बाहुली आजीला माझ्याकडून बनवून हवी होती.

मी सौद्याला बसल्यासारखा एकेक विचारू लागलो. "सुरकुत्या कमी करू? नाक सरळ करू?"

"नाक कसं पण कर, भाऊ. पाठ वाकव."

"आजी, यात वाकलेली पाठ मिळत नाही. तोंड बघून ओळखेल ती."

"तोंड कवा बघितलं तिनं? भात लावताना दिवसभर पाठीला बांधलेली असायची."

मी घासाघीस सोडली. आरशात दिसतं तेच आपलं रूप, असं मी धरून चाललो होतो. या बाईने मात्र आपलं रूप लेकीच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी वाकून नमस्कार करणारी बाहुली निवडली, बोटाने फिरवून पाठमोरी केली आणि पाठवली.

लगेच लेकीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आये, कंबर अजून दुखते का गं?"

आजीने फोनकडे पाहिलंच नाही. मान मागे वळवून, पाठीवरच्या कुणाशी बोलावं तशी ती हळूच म्हणाली, "नाय गं. तू नीज."