गुळावरची काजळी

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत काळ्या भुकटीच्या गोण्या होत्या आणि डोक्यात हवा. ही भुकटी म्हणजे करवंट्यांचा कोळसा, पिठासारखा दळलेला. दगडी कोळसा जळला की त्यातला पारा वाफ होऊन धुरात मिसळतो. त्या धुरात भुकटी फुंकली की पारा तिला चिकटतो आणि राखेबरोबर कापडी गाळणीत अडकतो. कोल्हापूरला शिरोलीजवळच्या एका कारखान्याच्या छोट्या वीजघरात मला तिची चाचणी घ्यायची होती. किणीचा टोलनाका मागे पडल्यावर दुतर्फा ऊस लागला. मी त्याच्याकडे उपकारकर्त्याच्या नजरेने पाहत होतो.

चाचणी झकास झाली. गाळणीतली राख ट्रॉलीत काढली, एवढ्यात मॅनेजरची हाक आली, "पावणं, रस्सा गार हुतोय की!" ताडपत्री जेवल्यावर टाकू, मी म्हटलं. तांबडा-पांढरा ओरपत बसलो आणि बाहेर वारं सुटलं.

परत आलो तर ट्रॉलीतली वरची राख गायब. बुटक्या भिंतीपलीकडे गुऱ्हाळ होतं, तिकडे धावलो. काहिलीत (रस आटवायची मोठी कढई) रस रटरटत होता आणि उघड्यावर मांडलेल्या रव्यांवर (गुळाच्या ढेपांवर) काळा थर बसला होता. गुऱ्हाळाचे मालक तात्या आणि त्यांच्या पत्नी तिथेच उभे होते.

"तरी म्हणत हुते, चुलाणात वलं चिपाड घालू नगा. बघा किती काजळी बसली!" काकू करवादल्या.

"चुकलंच माझं," तात्या म्हणाले. "वरचं तासतो की. सांजच्याला गाडी यायची हाय." मग मला पाहून त्यांनी गुळाचा खडा फोडून हातावर ठेवला. "खावा पावणं. गुऱ्हाळावरनं कुणी तोंड गोड केल्याबिगर जातंय व्हय?"

गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. हे मला लगेच सुचलं, याचीच जास्त लाज वाटते.

"खावा की. लाजताय कशाला?"

हात तोंडाकडे जाईना. "तात्या, ही काजळी तुमची नाही, पलीकडच्या वीजघरातली आमची राख आहे. हिच्यात पारा आहे. हा गूळ खाऊ नका, विकूही नका."

"म्हंजी तुमी तितं करता तरी काय?" काकूंनी विचारलं.

"धुरातला पारा काढतो."

"आन काढून ठेवता कुटं?"

बंद पोत्यात, झाकून, हे उत्तर मला पाठ होतं. पण मागे उघडी ट्रॉली सगळ्यांना दिसत होती. काकूंनी माझ्या हातातला खडा काढून घेतला. तात्यांनी मात्र झाकल्या घागरीतून पेला भरला. "ह्यो रस झाकलेला हाय. ह्यो तरी घ्या." मी तो मान खाली घालूनच प्यायलो.

कारखान्याने भरपाई कबूल केली. रवे मी स्वतः पोत्यांत बांधले आणि परतताना घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रावर उतरवले. भुकटीने तिचं काम चोख केलं होतं. तिने पारा धरला होता, सोडला तो मी.

घरी पोचल्यावर बायकोने पिशव्या चाचपल्या. "कोल्हापूरला गेलात आणि गूळ नाही आणला?"

"गाडी भरून निघालो होतो," मी म्हणालो, "पण तुला देण्यासारखा ठेवला नाही."