नुझाने उचललेला कागद

आमच्या गावात नुझाइतकी सावध बाई दुसरी नव्हती. आजोबांच्या काळात आमच्या अख्ख्या मुसलमान गावाला धरून बाप्तिस्मा दिला, तेव्हापासून आम्हा सगळ्यांना दोन-दोन नावं. चर्चच्या वहीत ती बेआत्रीस, घरात नुझा. तिच्या दारात, लोकांना दिसावी म्हणून, डुकराची मांडी टांगलेली असायची. तिच्यावर माश्या बसायच्या, पण सुरी कधी लागली नाही. शुक्रवारी तर बाई तोंडाला चुलीची राख लावून बाहेर पडायची, नमाजासाठी अंघोळ केलीस का असं कुणी विचारायला नको!

एवढी भित्री, पण एक वेड काही सुटलं नाही. प्रेमाच्या गोष्टी! भाषा शेजारच्या ख्रिस्ती लोकांचीच, अक्षरं मात्र अरबी, कारण आमच्या बायकांना तेवढीच यायची. लग्नाआधी नवरीला मेंदी लावायला बायका जमल्या, की नुझाने वाचायचं हा रिवाजच होता. तिची आवडती गोष्ट एका सरदाराची. राजकन्येपायी तो झुरून खाटेला खिळतो, कुणाला काही सांगत नाही. शेवटी हकीम त्याची नाडी धरून एकेक नाव घेतो आणि एका नावाला नाडी उसळते.

“हकीम आपला,” नुझाची आजी म्हणायची, “गाणी त्यात घातली यहुदी शिंप्याने, अन् चिलखत चढवलं ख्रिस्ती लोकांनी. आता म्हणतात, गोष्ट आमची! घ्या!”

त्या रविवारी नुझाच्या झोराचं लग्न होतं. लेकीसाठी तिने सगळी गोष्ट नव्याने उतरवून काढली. पहिल्या पानावर देवाचं नाव लिहायला हात आपसूक वळला, तो तिने मनगट धरून मागे घेतला. तेवढ्यावरून लोकांना जाळलं होतं.

गुरुवारी भरदुपारी चर्चच्या धर्मन्यायालयाचा अधिकारी दारात उभा राहिला. बरोबर कारकून आणि एक म्हातारा पाद्री. कुणी चुगली केली देव जाणे. पिठाच्या पेटीतून कागद निघाले. नवरा भट्टीवर होता. झोरा भिंतीला चिकटून उभी, दोन्ही हात ओल्या मेंदीने भरलेले.

“कुराण आहे हे,” अधिकारी म्हणाला.

“नाही हो मायबाप! गोष्ट आहे, प्रेमाची.”

“सगळे हेच म्हणतात. तुम्ही वाचा हो, पाद्रीबाबा.”

पाद्रीबाबांना ती अक्षरं येत होती. ते सावकाश, बोट फिरवत वाचू लागले. नुझाची नजर त्या बोटामागे फिरत होती. एखाद्या पानावर हात चुकून वळला तर नसेल? आठवेना. आठव्या पानावर म्हातारा थांबला.

“अरे वा, नाडी उसळली!” तो हसला. “साहेब, माझ्या बहिणीकडे छापील आहे ही. जेवण करपवते तिच्यापायी.”

“म्हणजे देवाधर्माचं काही नाही?”

“चुंबनं आहेत चार. तीही लग्नानंतरची.”

अधिकाऱ्याचं तोंड आंबट झालं. कारकुनाने टाक पुसून ठेवला. झोरा हुंदका देऊन रडायला लागली.

“रडू नकोस गं पोरी,” पाद्री म्हणाला. “रविवारी गोडाचं काय आहे?”

“बदाम आणि मध, बाबा,” नुझा म्हणाली आणि चक्क हसली. कित्येक वर्षांत ती परक्या माणसापुढे हसली नव्हती. वाचलो, वाचलो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

“फुकटची पायपीट,” अधिकारी पुटपुटला. कागदांची चळत त्याने पेटीकडे भिरकावली. एक कागद निसटून जमिनीवर पडला, नेमका त्याच्या बुटापाशी.

पाच वर्षांची असताना कागद ओलांडला म्हणून नुझाने बापाची थप्पड खाल्ली होती. देवाचं वचन ज्या अक्षरांत उतरलं, ती पायदळी येऊ द्यायची नाहीत. कांद्यांची यादी असली तरी उचलायची. मनगट धरायला त्या क्षणी तिला सुचलंच नाही. ती पटकन वाकली, कागद उचलला, फुंकर मारली, ओठांना लावला, मग कपाळाला, आणि टाचा उंचावून सर्वांत वरच्या फळीवर ठेवला.

वळली तेव्हा सगळे तिच्याकडेच पाहत होते.

पाद्रीबाबांचं हसू मावळलं होतं. “बेआत्रीस,” ते हळूच म्हणाले, “अगं, हे काय केलंस?”

आईला धरायला झोरा धावली. तिच्या हातांची ओली मेंदी नुझाच्या बाह्यांना लागली. अधिकाऱ्याने आता बैठक मारली आणि कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

“नाव सांग,” अधिकारी म्हणाला. “घरातलं.”