ग्रहावरची भेग

राजूरच्या मोनालीचं काम ऐकून शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. म्हणे, खराट्यानं परका ग्रह झाडते! पण काम खरंच तेच होतं. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या मातीच्या डोंगरावर अंतराळावरच्या एका टीव्ही मालिकेचं शूटिंग चाललं होतं, आणि त्या ग्रहावर म्हणे माणसाचं पाऊल कधी पडलंच नव्हतं. त्यामुळे चहावाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांची पावलं रोज सकाळी मोनालीच पुसायची. मागचा देखावा काल होता तसाच आज दिसला पाहिजे. एक दगड इकडचा तिकडे झाला तरी बोलणी खावी लागायची.

कालचा फोटो मोबाइलवर धरायचा आणि समोरचं तसं करायचं, हे तिच्या हातात चांगलं बसलं होतं. म्हणूनच उताराच्या वरच्या अंगाला भेग दिसली तेव्हा तिनं दुसरा विचारच केला नाही. फोटोत भेग नव्हती. तिनं घमेलं भरून माती आणली, भेग बुजवली, वरून खराटा फिरवला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडली, हिनं पुन्हा बुजवली. कॅमेरामन म्हणाला, "वा, सेम टू सेम!" मोनाली खूश.

तिसऱ्या सकाळी भेगेनं सगळी माती गिळली होती. मोनालीनं हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला. वर भेग पडली की ढिगारा सरकतो, हे राजूरच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. तिलाही ते ठाऊक होतं, फक्त हातात फोटो असताना आठवलं नव्हतं. खाली शूटिंग सुरू झालेलं. पायथ्याशी चंदेरी पोशाखातले अंतराळवीर उभे होते, आणि त्यांतला एक तिचा नवरा, संघदीप, रोजीनं आलेला. कोणता, ते ओळखू येईना. सगळ्यांच्या डोक्यावर बंद हेल्मेट.

ती जीव खाऊन ओरडली. हेल्मेटात काय ऐकू जाणार! ती घसरत, पडत कडेकडेनं खाली धावली, थेट कॅमेऱ्यासमोर. "कट! कोण आहे ती बाई?" डायरेक्टर खेकसला. तिनं हाताला लागेल त्याला ओढलं.

"अवो, पळा! डोंगर येऊन राह्यला!"

शेवटचा माणूस बाहेर पडतो न पडतो तोच अर्धा उतार धाडकन खाली आला. धुळीत कोणाला काही दिसेना. मोनाली एकेकाचं हेल्मेट उपसून चेहरा पाहत होती. हा नाही, हाही नाही. एका हेल्मेटाखाली संघदीप निघाला तेव्हा कुठे ती थांबली.

तो तिच्या खांद्यावर हात ठेवून, कापत कापत हसला. "वाचलो माय! तुले कसं समजलं वं?"

"भेग पडून राह्यली होती. परवापासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मोनालीनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. "फोटोत नव्हती ना. मीच बुजवत होती."

संघदीपचं हसू गेलं. त्यानं खांद्यावरचा हात काढून घेतला. डोंगर तर पडून गेला होता. आता त्याच्या तोंडाकडे पाहायचा मोनालीला धीर होईना.