बर्फाची पट्टी

आईचा पाय मी भाजला, आणि तोही बर्फाने. हे एक वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

औंढ्यात देवळामागच्या गल्लीत आमचं घर. आई रोज सकाळी बेलाफुलांचा हार गुंफायची आणि स्वतः देवळात नेऊन द्यायची, अनवाणी. तो तिचा नेमच होता. एकदा परतताना पायरीवरून तिचा पाय मुरगळला. लंगडत घरी आली आणि म्हणाली, "आंबेहळद उगाळून दे बाबा. लेप लावते."

मी कचेरीतला कारकून. दिवसभर लोकांना अक्कल शिकवायची सवय, ती घरीही सुटत नाही. "कुठल्या जमान्यात राहतेस?" असं म्हणून मी फ्रीजरमधला दगडासारखा बर्फ पिशवीत भरला आणि पिशवी तिच्या पावलावर करकचून बांधली. मध्ये साधं फडकंही घातलं नाही. तिला जुना साखरेचा आजार आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"लई गार लागून राहिलं का?" मी विचारलं.

"न्हाई रे. बराबर हाय."

मला वाटलं, गुण येतोय. मी फोनवर बोलत बसलो आणि तासाभराने पट्टी सोडली. पाऊल करंगळीच्या बाजूने पांढरंफटक पडलं होतं. बोट लावलं तर कातडी मेणासारखी कडक लागली. मी घाबरलो. आधी खसाखसा चोळलं, मग तव्यावर फडकं तापवून शेक द्यायला लागलो. फडकं मला हातात धरवत नव्हतं, आणि आई शांतपणे उरलेली फुलं निवडत होती. मी फडकं टाकलं आणि तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत फोड आले होते. डॉक्टर माझ्यावर चांगलेच उखडले. बर्फ कधी उघड्या कातडीवर ठेवायचा नाही. टॉवेल गुंडाळून, दहा मिनिटं, तेही मधूनमधून बघत. कातडी पांढरी पडली की चोळायचं नाही, विस्तवाजवळ न्यायचं नाही, फक्त कोमट पाण्यात धरायचं. आणि साखरेच्या माणसाच्या पायाला विचारल्याशिवाय काही लावायचंच नाही. मी शाळेतल्या पोरासारखं मान खाली घालून ऐकलं.

मग त्यांनी तिच्या तळव्याला टाचणी टोचली. ती छताकडे बघत राहिली.

"आजी, पायाला कळत नाही हे कधीपासून?"

"दोन वर्सं झाले असतील."

"अगं, मग मला काहून सांगितलं न्हाई?" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर अनवाणी देवळात जाऊ दिलं असतंस?"

नसतंच दिलं. आता देत नाहीच.

जखम वरवरची होती, तरी भरायला दोन महिने गेले. आता हार मी नेऊन देतो. कचेरीतून आल्यावर तिचे पाय धुतो, बोटांमधून कोरडे पुसतो, कुठे चिरलंय का ते बघतो. पाणी आधी स्वतःच्या कोपराने पाहतो. काल मी तिचा पाय उचलून घमेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवला. ती खुर्चीत बसून दुसऱ्या दिवशीचा बेल निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "ठेव की रे पाण्यात. काहून थांबलास?"