सेथची पिवळी ज्योत

सेथ हेगसारखा हट्टी माणूस आमच्या अख्ख्या खाणवस्तीत सापडायचा नाही. जन्म गेला कोळशाच्या खाणीत. खाण बंद पडली, तसा घरात बसून दिसेल ते खोलायला लागला. रेडिओ झाला, इस्त्री झाली. मग बैठकीतल्या शेगडीमागचा, घर तापवणारा गॅसचा बॉयलर बिघडला.

"गॅसवाल्याला बोलाव," मी म्हटलं. मी शेजारीण, विनी. "बॉयलर म्हणजे इस्त्री नव्हे."

"तो नुसता उंबरा ओलांडायचे पैसे घेतो, बाई. तेवढ्यात आमचं रविवारचं मटण येतं."

आणि केलाही की मेल्याने चालू! मला मुद्दाम बोलावून दाखवला. "आधी ज्योत कशी निळी, मरतुकडी जळायची. आता बघ, पिवळीधमक! अगदी कोळशासारखी."

आमची हयात कोळशापुढे गेलेली. पिवळा जाळ म्हणजे खरी ऊब, हे मलाही पटलं. गार वारा येतो म्हणून भिंतीतल्या झरोक्यात त्याने जुना बनियन कोंबला होता. तेही शहाणपणाचंच वाटलं, काय सांगू!

मग त्याच्या बायकोचं, नोराचं, डोकं दुखायला लागलं. बाजारात गेली की बरी, घरी आली की पुन्हा तेच. "ह्याचं तोंड बघितलं की उठतं," ती म्हणायची, आणि आम्ही हसायचो.

त्या रविवारी बर्फ पडला होता. आमच्याकडे मागच्या दाराला कोणी कडी लावत नाही. मी केक घेऊन सरळ आत शिरले. नोरा खुर्चीत मान टाकून झोपली होती. शेजारी सेथ, त्याचेही डोळे जडावलेले.

"हळू बोल," तो म्हणाला. "ऊब कशी मानवलीय बघ तिला. गाल कसे लालचुटुक..."

बोलता बोलता तो थांबला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सेथ? काय झालं रे?"

"असे गाल मी पाहिलेत, विनी. खाणीत. विषारी वायूनं गेलेली माणसं वर आणायचो, त्यांचे."

त्याची नजर पिवळ्या ज्योतीवरून झरोक्यातल्या बनियनकडे गेली; कोंडलेला तो जाळ तसलाच वायू घरात सोडत होता. केक हातातून कधी पडला, कळलंही नाही. "नोरा! अगं नोरा!" हलवलं, तर मान नुसती इकडची तिकडे.

सेथ उठला, कोलमडला, पुन्हा उठला. दोघांनी तिला खुर्चीसकट ओढत मागच्या अंगणात बर्फात आणलं. मी घरी धावत जाऊन रुग्णवाहिकेला फोन केला, परत आले, तरी ती तशीच. छाती हलतेय की नाही, दिसेना. सेथ तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता.

"श्वास घे गं. पाया पडतो तुझ्या, श्वास घे."

किती वेळ गेला, देव जाणे. मग ती खोकली. पापण्या हलल्या. तिने आधी घराकडे पाहिलं.

"दार कोणी उघडं टाकलं?" ती पुटपुटली. "सगळी ऊब चाललीय बाहेर."

सेथने तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि ढसाढसा रडायला लागला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "जाऊ दे सगळी."